दोन खोल्यांचं माहेर

मी ज्या केंद्रात काम करायचे त्याला हिब्रूत टिपत हालाव म्हणतात, म्हणजे दुधाचा थेंब. नाव गोड आहे. पण संध्याकाळी तिथून निघताना माझ्या कपड्यांना स्पिरिटचा, आंबलेल्या दुधाचा आणि परक्या मुलांच्या लघवीचा वास असायचा. घरी पोचले की आई दारातच म्हणायची, आधी मोरीत जा, मग बोल. बहुतेक वेळा मोरीतून बाहेर आल्यावर बोलायला माझ्यात काही उरलेलं नसायचं.

त्र्याहत्तरची लढाई संपून तेव्हा वर्षही झालं नव्हतं. डिमोनातले, आमच्या त्या वाळवंटातल्या गावातले, तरुण पुरुष पुनःपुन्हा मिलुईमला, म्हणजे राखीव फौजेच्या कामाला, बोलावले जात होते, आणि त्यांच्या बायका एक मूल कडेवर, एक पोटात अशा आमच्याकडे रांग लावत होत्या. सकाळी तान्ह्या मुलांची वजनं आणि लसी, दुपारी गरोदर बायका, मधल्या वेळात घरोघरी फेऱ्या. शिकुनच्या, म्हणजे सरकारी वसाहतीच्या, त्या एकसारख्या चार मजली इमारतींना लिफ्ट नव्हती. जिने चढून चढून माझ्या पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या. आमची मुख्य नर्स रुमानियाहून आलेली, कडक आणि न्यायी बाई. मोरोक्कोच्या बायकांशी ती फ्रेंचमध्ये बोलून निभावून न्यायची. आपल्या बायका आल्या की मात्र मला हाक मारायची.

आपल्या बायका म्हणजे कुलाबा जिल्ह्यातल्या खेड्यांतून मुंबईला आणि मुंबईहून इथं आलेल्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू बायका. मीही त्यांच्यातलीच. माझे वडील तालुक्याच्या गावी सुतारकाम करायचे. त्यांनी मला गावच्या हायस्कूलात घातलं आणि पुढे जिल्ह्याच्या कॉलेजात पाठवलं. मी बी.एस्सी. झाले तेव्हा आमच्या घरात पदवी घेतलेलं माणूस प्रथमच जेवायला बसलं, असं वडील म्हणाले होते. इथं आल्यावर बेर्शेबाला सरकारी खर्चानं नर्सिंग शिकले. एवढं सगळं मला मिळालं होतं. म्हणून दमले असं म्हणायची मला लाज वाटायची, आणि दमत तर मी रोज होते.

त्या उन्हाळ्यात एक मुलगी आमच्याकडे यायला लागली. विशीची असेल. मुंबईहून लग्न होऊन आलेली. तिचे आईवडील अजून तिकडेच होते, वडिलांच्या आजारपणामुळे त्यांचं येणं लांबलं होतं. नवरा फौजेत, महिन्यातून एखाद्या वेळी घरी यायचा. मुलगी कापडगिरणीत पाळीनं काम करायची आणि पाळी सुटली की सासरी घरचं काम. पहिली खेप. सातवा महिना लागला आणि तिच्या पायांवर सूज दिसायला लागली. रक्तदाब वाढलेला. लघवीच्या तपासणीतही नको ते दिसलं.

आठवड्यातून ठरल्या दिवशी येणारे डॉक्टर तिला तपासून मला म्हणाले, हिला नीट समजावून सांगा. काम बंद. डाव्या कुशीवर झोपून राहायचं, मीठ कमी करायचं, आणि डोकं दुखलं किंवा डोळ्यांपुढे चमकलं तर त्याच क्षणी बेर्शेबाचं हॉस्पिटल. नाहीतर हिला झटके येऊ शकतात. बाळ जाईल, कदाचित हीही जाईल. हॉस्पिटलात आत्ता खाटा भरलेल्या आहेत, तिथं हिच्याहून वाईट अवस्थेतल्या बायका पडून आहेत. म्हणून घरी झोपू दे.

मी तिला सगळं सांगितलं. मरणाचंही सांगितलं, कारण न सांगून चाललं नसतं. ती मान हलवत होती. शेवटी म्हणाली, "ताई, झोपेन मी. पण कुठं झोपू?"

मला वाटलं, पोरीला समजलं नाही. दुसऱ्या दिवशी फेरीवर तिच्या घरी गेले तेव्हा कळलं, तिला नीट समजलं होतं, मलाच समजलं नव्हतं. तीन खोल्यांत सासू, दम्यानं खाटेला खिळलेला सासरा, शाळेत जाणारे दोन दीर. ही जिथं झोपायची ती जागा म्हणजे बैठकीची खोली. दिवसभर तिथूनच सगळ्यांची येजा. मी गेले तेव्हा ती जमिनीवर बसून चपात्या लाटत होती आणि सासू कामावरून नुकतीच आलेली. ती नगरपालिकेच्या शाळेत फरशा पुसायचं काम करायची. तिचे हात कोपरापर्यंत लाल होते.

मी तिला मावशी म्हणून हाक मारली, डॉक्टरांचं म्हणणं समजावलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "निजून ऱ्हायला सांगतो डॉक्टर? मी इतकी वर्षं सांगते, मला निजायचाय. मला तो डॉक्टर कवा भेटला नाय."

मी म्हणाले, मावशी, हसण्यावारी नेऊ नका, जिवाशी गाठ आहे. तर तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझं लग्न झालेलं नव्हतं, आणि डिमोनात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती.

"सोताचं सासर अजून पाह्यलं नाय," ती म्हणाली, "आणि मला सासूपण शिकवते. बस सिस्टर, चहा घे."

चहा तिनं खरोखरच दिला. वाईट बाई नव्हती. त्या घरात कुणीच निजत नव्हतं, तर सुनेनं का निजावं, एवढाच तिचा हिशोब. सून समोर चपात्या लाटत राहिली. तिच्या घोट्यांवर सपाता रुतल्याचा खोलगट वळ उठला होता.

मी त्यानंतर दोनदा गेले. एकदा मुख्य नर्सही आली, तिनं हिब्रूत दम भरला, सासूनं हिब्रूत हो म्हटलं. आम्ही जिना उतरेपर्यंत वरून मोरीत बादली सरकवल्याचा आवाज आला. मुख्य नर्स थांबली, तिनं वर बघितलं. सून पुन्हा कामाला लागली होती. खाली आल्यावर भिंतीला टेकून तिनं सिगरेट पेटवली. मीही तिच्या शेजारी टेकले.

त्या दिवशी मी घरी येऊन जेवले नाही. आईनं कारण विचारलं. केंद्रातल्या गोष्टी घरी सांगायच्या नाहीत असा माझा नेम होता, पण त्या दिवशी नेम पाळण्याइतकीही ताकद नव्हती. मी सांगून टाकलं.

माझी आई शाळेत कधी गेली नाही. तिनं सगळं ऐकलं. रक्तदाब, लघवी, झटके, यांतलं काहीच तिनं विचारलं नाही.

"पहिलटकरीण ना ती?" तिनं विचारलं.

"हो."

"मग ती सासरी काय करते?"

मी म्हणाले, तिचं माहेर मुंबईला आहे, ती जाणार कुठं. आई ताटं उचलत म्हणाली, मग इथं घेऊन ये, आपली आतली खोली आहे की. मला आधी हसू आलं. आमच्या दोनच खोल्या. आतल्या खोलीत मी आणि आई निजायचो. वडील वारल्यापासून आईला एकटीला झोप येत नसे. मी म्हटलं, डॉक्टरांनी सांगून ती सासू ऐकली नाही, आता तुझं ऐकणार?

"डॉक्टरानं सांगितला निजव. मी निजवायला सांगत नाय. मी पोरीला माहेरी न्यायला जाते."

आणि ती गेली. चांगलं लुगडं नेसली, एका रुमालात साखर आणि नारळ बांधला. नारळ डिमोनात सहजी मिळत नसे, तो कुणाच्या तरी घरी नवसाच्या मलिद्यासाठी ठेवलेला होता, तो तिनं मागून आणला. मी सोबत गेले नाही, तिनंच येऊ दिलं नाही. ती म्हणाली, तू आलीस तर ते दवाखान्याचं होईल.

तिथं काय बोलणं झालं ते मला पुढे मुलीकडून कळलं. आई जाऊन बसली, पाणी प्यायली, सासऱ्याच्या दम्याची चौकशी केली, आपलं गाव कोणतं, त्यांचं गाव कोणतं, मधे किती खाड्या, हे सगळं झालं. मग नारळ पुढे ठेवून म्हणाली, तुमच्या सुनेची आई लांब आहे, तिच्या जागी मी आलेय, पहिलं बाळंतपण माहेरचं, पोरीला पाठवा. सासू उठली आणि सुनेला म्हणाली, कपडे बांध. नारळ परत करता येत नव्हता, आणि पहिलटकरणीला माहेरी पाठवलं नाही असं डिमोनात चार घरांत बोललं गेलेलं तिला चालणार नव्हतं. डॉक्टर, रुमानियाची मुख्य नर्स आणि मी, तिघांना जे जमलं नव्हतं ते तासाभरात झालं.

मुलगी आतल्या खोलीत माझ्या खाटेवर निजली. मी बाहेरच्या खोलीत गादी घातली. पहिले काही दिवस ती नुसती झोपत होती. मी कामावर जाताना झोपलेली, आले तेव्हा झोपलेली. जेवायला उठवलं की अर्ध्या घासावर पुन्हा डोळे मिटायचे. मी केंद्रातून रक्तदाबाचं यंत्र मागून आणलं होतं. रोज घरी आले की आधी तिचा दंड बांधायचा. आकडा हळूहळू खाली आला. घोट्याची हाडं दिसायला लागली. मुख्य नर्सला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, तू काम घरी न्यायला लागलीस तर मी बाकीच्यांना काय सांगू? पण यंत्र परत आण असं ती म्हणाली नाही.

माझे हाल झाले हे खरं. दिवसभर केंद्रात गरोदर बायका, आणि घरी आले की घरात एक. त्यात ती माहेरी आलीय ही बातमी पसरली. शेजारपाजारच्या बायका तिला बघायला यायच्या. कुणाला मुंबईची आठवण काढायची असायची, कुणाला नुसतं बसायचं असायचं. येताना काहीबाही आणायच्या. मी घरात मीठ मोजून घालायला लावलं होतं. आईनं त्याला कधी नाही म्हटलं नाही.

मग आठवा महिना अर्ध्यावर आला आणि आकडा पुन्हा चढला. बोटांवर सूज. अंगठी निघेना. मी तिला विचारलं, काही वेगळं खाल्लंस का. ती आईकडे बघायला लागली.

पोरीला खारवलेल्या बांगड्याचे डोहाळे लागले होते. डिमोनात खारा बांगडा कुठून मिळणार? पण बाजाराजवळच्या दुकानात लाकडी पिंपात खाऱ्या पाण्यात मुरवलेला मासा असायचा. रुमानियाचे, पोलंडचे लोक तो कांद्याबरोबर कच्चाच खातात. शेजारणीनं तो आणायचा, आईनं हळद, तिखट लावून तव्यावर परतायचा, आणि मी कामावर असताना पोरीनं खायचा, असं चाललं होतं. कितीतरी दिवसांपासून.

मी आईवर ओरडले. ओरडायला लागणारी ताकद कुठून आली कोण जाणे. आई शांतपणे ऐकत उभी होती.

"दिला मी," ती म्हणाली. "पोटुशी बाईनं मागितला आणि तिच्या आईनं दिला नाय, तर ते माहेर कसला? तो तर तुझा दवाखानाच झाला."

"आई, तिचा जीव जाईल."

"मारायला आणली काय मी तिला?"

मुलगी रडायला लागली. म्हणाली, मावशींना बोलू नका, मीच मागितला. आणि रडता रडता डोकं धरून बसली. दुखतंय का विचारलं तर म्हणाली, सकाळपासून.

दुपार होती, त्या दिवशी मी लवकर घरी आले होते. मी खाली धावले. शेजाऱ्याची टेंपो गाडी होती, तिच्यात मागे गादी टाकून आम्ही तिला बेर्शेबाला नेलं. आई मागे बसली होती, मुलीचं डोकं मांडीवर घेऊन. सगळा रस्ता आईचे ओठ हलत होते. एलियाहू हन्नवीला, आमच्या संकटात धावणाऱ्या प्रेषिताला, नवस करत असणार, आमच्या बायका दुसरं काय करणार.

हॉस्पिटलात त्याच दिवशी ऑपरेशन करून बाळ काढलं. मुलगा. इतका लहान की मला, रोज बाळं हाताळणारीला, त्याला धरायची भीती वाटली. त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. बाळंतीण वाचली आहे, बाळाचं बघू, असं सांगण्यात आलं. मुलीच्या नवऱ्याला फौजेतून बोलावून घेतलं. तो धुळीच्या कपड्यांत आला आणि काचेपाशी उभा राहिला. सासूही आली. शाळेचं काम संपवून, तशीच. ती सरळ काचेपाशी गेली.

तिथल्या डॉक्टरीणबाईंना मी एका बाजूला घेऊन खाऱ्या माशाचं सांगितलं. मला उत्तर हवं होतं. त्या दोन पाळ्या सलग करून उभ्या होत्या, डोळे लाल झालेले. त्या म्हणाल्या, मासा खाल्ल्यानं हे होत नाही, आणि न खाल्ल्यानं ते टळलं असतं असंही मी सांगू शकत नाही. हा आजार का होतो ते आम्हालाच नीट माहीत नाही. झोपून राहिल्यामुळे बाळाला काही आठवडे जास्त मिळाले, ते मात्र खरं. त्या आठवड्यांवरच ते जगलं तर जगेल.

मी हे आईला सांगितलं. तिचं मन हलकं व्हावं म्हणून सांगितलं. ती म्हणाली, डॉक्टरीण भली बाई आहे. आणि त्या दिवसापासून तिनं स्वतःच्या जेवणात मीठ घेणं बंद केलं. बाळ घरी येईपर्यंत नाही, म्हणाली. मी वाद घातला नाही. रोज एकच भाजी दोन भांड्यांत शिजत असे, एक माझी, एक तिची. दवाखान्याहून बेर्शेबा, बेर्शेबाहून घर, घराहून दवाखाना, अशा बसच्या फेऱ्यांत माझे दिवस गेले. मुलगी तिथं पेटीपाशी बसून दूध काढून द्यायची. काही वेळा बसमध्ये मी अशी झोपायचे की ड्रायव्हर शेवटच्या थांब्यावर येऊन हलवायचा.

बाळ जगलं. वजन हवं तेवढं झाल्यावर त्याला पेटीतून काढलं आणि मुलगी त्याला घेऊन आमच्याकडे आली, कारण माहेराहून बाळंतीण सासरी जाते, हॉस्पिटलातून नाही. आईनं तिला बाळंतिणीचं जेवण घातलं. तिच्या पाठीला तेल चोळलं. रात्री बाळ रडलं की आई उठायची. मी उठले तर मला परत पाठवायची, सकाळी तुला दुसऱ्यांची पोरं बघायचीत म्हणून.

चाळीस दिवस झाले आणि सासरची माणसं न्यायला येणार ठरलं. आईनं नवसाचा मलिदा केला होता. पोहे, खोबरं, साखर, खजूर. शेजारच्या चार घरांतली माणसं आली, प्रार्थना झाली, ताटं वाटली, माणसं गेली. मग सासू आली. तिनं सुनेसाठी साडी आणली होती आणि माझ्या आईसाठीही एक. मुलगा खाली, मित्राची गाडी मागून आणली आहे, असं म्हणाली. मुलीचं बोचकं बांधून तयार होतं.

मी ठरवून ठेवलं होतं की निघायच्या आधी बोलायचंच. मी सांगितलं, मावशी, हिनं निदान काही महिने गिरणीत जायचं नाही. पोट कापलंय, जड उचलायचं नाही. बाळाला दर आठवड्याला केंद्रावर आणायचं. आणि पुढचं मूल इतक्यात नको, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. मी टोमण्याची वाट बघत होते. ती खाटेच्या कडेवर बसली होती, बाळ मांडीवर. बाळाकडे बघतच ती बोलली.

"माझ्या पयल्या वेळी आमी माबाऱ्यात होतो. तंबूत. नव्या लोकांना तिथंच टाकलेला. पाऊस आला की खाटेखालून पाणी. आई माझी मुंबईला. कळा आल्या तेवा शेजारी एक इराकी बाई होती, तिची भाषा मला येईना, माझी तिला." तिनं बाळाचं दुपटं सारखं केलं. "ती पोर ऱ्हायली नाय. मुलगी होती."

सून दारात उभी होती. तिलाही हे ठाऊक नव्हतं, तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

"मला कोणी नारळ घेऊन न्यायला आला नाय," सासू माझ्या आईला म्हणाली. तक्रारीच्या सुरात नाही, नुसतं सांगितल्यासारखं. "म्हणून त्या दिवशी तुमाला नाय म्हणवला नाय."

आईनं तिच्या मांडीवरून बाळ उचललं आणि सुनेकडे दिलं. म्हणाली, पाय वर घ्या, चहा टाकते. सासू नको म्हणाली, मुलगा खाली थांबलाय. आईनं तिचे पाय उचलून खाटेवर ठेवले, लहान मुलाचे ठेवतात तसे, आणि आत गेली. आईचा चहा व्हायला वेळ लागतो, आलं कुटून टाकायचं असतं. चहा घेऊन ती आली तेव्हा सासू भिंतीकडे तोंड करून झोपली होती. लाल हात गालाखाली. घोरत होती.

सूनबाई तिला उठवायला वाकली. आईनं हातानं नको म्हटलं.

मी जिना उतरून खाली गेले. मुलीचा नवरा गाडीचं बॉनेट पुसत उभा होता. सगळं तयार आहे ना, त्यानं हिब्रूत विचारलं. मी मराठीत म्हणाले, तुझी आई झोपलीय. त्याला ते खरं वाटेना. आई दिवसा झोपत नाही, तो म्हणाला.

आज झोपलीय, मी म्हणाले, तिला निजू दे. तू मित्राची गाडी परत देऊन ये, मग सगळे चालत जाल. अंधार पडायच्या आधी ये, म्हणजे झालं.